आधी चाकं मोजा : जुन्या युद्धफिल्ममधली गाडी ओळखायची कशी

मोठ्या मामांची जीप देवळी तालुक्यातल्या पाच-सात गावांत 'लढाईतली विलीज' म्हणून प्रसिद्ध होती. पोळ्याला बैलांच्या मागून तीही सजायची, नवरदेव तिच्यातूनच यायचा, आणि 'हे गाडी बर्मा पाहून आली हाय' हे वाक्य मामा चहाच्या पहिल्या घोटाबरोबर पाहुण्याला ऐकवायचे. मी पंचविशीत असताना एकदा तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि जाळीच्या फटी मोजल्या. सात निघाल्या. लढाईतल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या, जीपला नऊ असतात. बॉनेटही भलतंच उंच, हेडलाइटच्या बरंच वर गेलेलं. गाडी महिंद्राची सीजे-३बी होती, म्हणजे लढाई संपून काही वर्षं झाल्यावरची. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून गावातली पोट्टे जुन्या लढायांच्या क्लिपा माझ्याकडं आणतात आणि पाहता पाहता माझी एक पद्धत बसली आहे. तिला महागडी पुस्तकं लागत नाहीत. दोनशे पानी वही, पेन्सिल, फोन आणि मिळाला तर कम्प्युटर, एवढं बास.

उदाहरणाला गेल्या वेचणीच्या दिवसांतली गोष्ट घेऊ. आमच्या मोहल्ल्यातले एक काकाजी फोन घेऊन आले. "पाह्य बरं, हा जीप चालवून राह्यला तो आमचा बाबा हाय का?" त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, बर्माच्या आघाडीवर गेले होते. क्लिप एक मिनिट चाळीस सेकंदांची, वर नाव 'बर्मा १९४४'. चालवणाऱ्याचा चेहरा धुळीनं माखलेला, तो ओळखणं माझ्या हातात नव्हतं. गाडीला मात्र बोलतं करता येतं.

क्लिपचे तुकडे पाडा

पहिलं काम गाडीचं नाव घेणं नव्हे. एकदा तोंडातून 'टायगर' हे जर्मन रणगाड्याचं नाव निघालं की डोळ्यांना टायगरच दिसत राहतो. आधी क्लिप आवाज बंद करून पाहा. त्या काळच्या बातमीपटांत तोफांचे आणि इंजिनांचे आवाज बऱ्याचदा मागाहून चिकटवलेले असत, त्यांचा उपयोग शून्य. मग कॅमेरा जिथं जिथं बदलतो तिथं तुकडा पाडा आणि वहीत नंबर द्या. प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणचा, वेगळ्या दिवसाचा आहे असंच धरून चाला. बातमीपट जोडणाऱ्याला रणगाडा हवा असे. तो कुठल्या आघाडीवरचा, याची फिकीर त्याला नसे.

काकाजींच्या क्लिपचे चौदा तुकडे पडले. अकराव्यात एक रणगाडा खड्ड्यातून उसळून बाहेर येतो. बाजूला मोठाली पाच चाकं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चाकात बाकीच्यांपेक्षा जास्त फट. तो सोव्हिएत टी-३४. बर्मात त्याचं काय काम? तिथंच कळलं की ही क्लिप म्हणजे गोधडी आहे, चार लुगड्यांची ठिगळं एकत्र शिवलेली.

एक-एक चित्र थांबवून पाहायला शिका. यूट्यूब कम्प्युटरवर लावून थांबवलं की पूर्णविरामाची कळ एक चित्र पुढं नेते, स्वल्पविरामाची मागं आणते. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई'ची कळ दाबा. फोनवर वेग पाव करा आणि स्क्रीनशॉट घेत राहा. गाडी कॅमेऱ्यासमोरून आडवी जाते तो क्षण सगळ्यात कामाचा, कारण तेव्हाच सगळी चाकं दिसतात.

दोन गोष्टींपासून सावध राहा. मागाहून रंगवलेल्या फिल्ममधला रंग हा पुरावा नाही, तो रंगवणाऱ्याचा अंदाज आहे. आणि हल्ली कम्प्युटरनं 'स्वच्छ' केलेल्या फिल्म फिरतात, त्या आणखी घातक. यंत्र अंधुक जागा आपल्या मनानं भरून काढतं. एका अशाच फिल्ममध्ये मी जीपच्या जाळीला एका चित्रात आठ आणि पुढच्यात दहा फटी मोजल्या आहेत. डागांची, खरखरीची मूळ प्रत मिळाली तर तीच घ्या.

चित्र उलटं तर नाही?

हे सगळे विसरतात. फिल्मची पट्टी पालथी लागली की डावं उजवं होतं, आणि कधी कधी जोडणारा मुद्दाम तसं करतो, म्हणजे सगळी फौज एकाच दिशेनं चालल्यासारखी दिसते.

लढाईतली जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. कुऱ्हाड आणि फावडं डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, पट्ट्यानं बांधलेलं असतं. मागं स्टेपनी उजवीकडं आणि पेट्रोलचा डबा डावीकडं. चौथ्या तुकड्यात, म्हणजे काकाजींच्या बाबांच्या जीपवर, फावडं उजव्या अंगाला होतं. बॉनेटवरचा नंबर थांबवून पाहिला तर आकडे आरशातले. चित्र पालथं होतं. स्क्रीनशॉट फोनमध्येच उलटवून घेतला आणि मग पुढं गेलो.

समोरून येणाऱ्या गाडीत गोंधळ होतो. उजव्या हाताचं स्टिअरिंग असेल तर ड्रायव्हर आपल्याला डावीकडं दिसतो. स्वतःला सीटवर बसवून विचार करा, चुकणार नाही.

आता चाकं

गाडीवरचं सामान बदलतं. टप चढतो, उतरतो, झाडाच्या फांद्या लावतात, वाळूची पोती रचतात, तोफही बदलतात. चाकं आणि त्यांची मांडणी सहसा तीच राहते. म्हणून खालून वर पाहायचं. वहीत बाजूनं दिसणारी चाकं काढा, नुसते गोल, पण त्यांच्यातलं अंतर आणि लहान-मोठेपणा नीट पकडा. पट्ट्यावर चालणारी गाडी असेल तर जमिनीला टेकणारी मोठी चाकं वेगळी मोजा आणि वरचा पट्टा उचलून धरणारे छोटे रोलर वेगळे. दोन्ही टोकांची उचललेली चाकं मोजायची नाहीत; त्यातलं एक दात्यांचं, पट्टा ओढणारं असतं.

बैलगाडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडचा माणूस लांबून येणारी बंडी कोणाची ते चाकाच्या डुलण्यावरून सांगतो.

जीप : इथं घाई करू नका

लढाईतली जीप दोन कारखान्यांनी केली, विलीजनं एमबी आणि फोर्डनं जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांवर गाड्या. लांबून दोघी जुळ्या बहिणी. पत्र्यात कापलेल्या उभ्या नऊ फटी, हेडलाइट जाळीच्या आत बसलेले, समोरची काच दोन भागांत आणि बॉनेटवर आडवी होणारी, मागचा फाळका उघडत नाही, पेट्रोलचं झाकण बाहेर कुठंच नाही कारण ते ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. विलीजच्या पहिल्या साधारण पंचवीस हजार गाड्यांना मात्र पत्र्याची जाळी नव्हती, लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून लावल्या होत्या. पट्ट्यांची जाळी दिसली तर ती गाडी १९४१ ते १९४२ च्या सुरुवातीच्या काळातली.

विलीज की फोर्ड हे फिल्ममध्ये क्वचितच कळतं. जाळीच्या खाली, चेसीच्या पुढच्या टोकाला आडवा दांडा असतो. विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी, पालथ्या पन्हाळीसारखा. फोर्ड तर बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' उठवायची, पण ते हाताशी असलेल्या गाडीवर पाहायचं. फिल्मवरून 'फोर्डच' असं छातीठोक सांगणारा भेटला तर ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

फटी सात, हेडलाइट पुढं आलेले, मागं उघडणारा फाळका, पेट्रोलचं झाकण अंगावर, असं असेल तर ती लढाईनंतरची नागरी सीजे. काच एकसंध असेल तर त्याहूनही पुढची. आणि बॉनेट नांगराच्या बैलासारखं खांद्यात उंच असेल तर मामांची सीजे-३बी.

थोराड जीप दिसली, रुंद आणि दणकट, तर ती डॉज डब्ल्यूसी-५१ असू शकते. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचांचं अंतर, डॉजमध्ये ९८. शेजारी उभा माणूस धरून मोजा.

उलटवलेल्या चौथ्या तुकड्यात नऊ फटी होत्या, जाळी पत्र्याची. म्हणजे १९४२ किंवा नंतरची. काकाजींना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "अन् बाबा?" म्हटलं, अजून दहा तुकडे आहेत, दम धरा.

ट्रक

बर्माच्या फिल्ममध्ये ज्याच्यामुळं काळ-वेळ पकडता येतो तो ट्रक म्हणजे कॅनडात बनलेला फोर्ड किंवा शेवरोले. चपटं, बुटकं नाक, उजव्या हाताचं स्टिअरिंग. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी असे चार लाखांवर ट्रक आणि गाड्या झाल्या, आणि हिंदुस्थानातही त्या भरपूर आल्या. लढाईनंतर यातले कित्येक ट्रक 'डिस्पोजल'मध्ये विकले गेले. जुन्या ड्रायव्हर लोकांच्या बोलण्यात 'डिस्पोजलचा ट्रक' येतो तो हाच किंवा याचा भाऊ.

खूण काचेत आहे. सुरुवातीच्या केबिनला काच सरळ उभी. नंतरच्या, तेरा नंबरच्या केबिनला काच उलटी कललेली, वरची कड पुढं आणि खालची आत. चकाकी आकाशाकडं जाऊन विमानाला दिसू नये म्हणून. आपल्या रोजच्या गाड्यांची काच वरून मागं झुकते, त्यामुळं हा ट्रक पाहिला की काहीतरी खटकतं. तेच ते.

दहा टायरांचा, लांब नाकाचा, डाव्या स्टिअरिंगचा अमेरिकन ट्रक बहुधा जीएमसी. त्याच्यासारखाच दिसणारा स्टुडबेकर बहुतेक सोव्हिएत संघाला गेला. कात्युशा रॉकेटं ज्यावर दिसतात ते ट्रक तेच. ब्रिटिश बेडफर्ड क्यूएलमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वरच बसलेला असतो, नाक जवळपास नाहीच. उघड्या डोक्याची, पट्ट्यावर चालणारी, हौदासारखी छोटी गाडी आणि एका बाजूला तीनच चाकं, तर तो युनिव्हर्सल कॅरिअर, ज्याला सगळे ब्रेन कॅरिअर म्हणतात.

मोटरसायकलबद्दल एकच. प्रत्येकीला बुलेट म्हणू नका. लढाईतल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना, बीएसए एम-२० असो की नॉर्टन १६एच, पुढं आडव्या-उभ्या दांड्यांचा काटा आणि मधोमध स्प्रिंग दिसते. आजच्यासारखे दोन सरळ नळकांडी काटे दिसले तर मॅचलेस जी-३एल असण्याची शक्यता मोठी.

रणगाडे, आणि तारीख पकडणं

इथं चाकांची वही खऱ्या अर्थानं कामाला येते. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत, प्रत्येक जोडीला आपला स्प्रिंगचा डबा, अशी मांडणी अमेरिकन ली, ग्रँट आणि शर्मन तिघांची. मग वर पाहा. मोठी तोफ टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, नसून गाडीच्या उजव्या कुशीतून निघते आणि वर छोट्या टरेटात छोटी तोफ आहे, तर ली किंवा ग्रँट. टरेटवर आणखी एक छोटी टोपी बसवलेली असेल तर ली. एकच मोठी तोफ फिरत्या टरेटात असेल तर शर्मन. चारच चाकं आणि मागचं मोठं चाकही जमिनीला टेकलेलं, तर स्टुअर्ट. सहा चाकं पण सारखी नाहीत, टोकाची मोठी आणि मधली लहान, तर ब्रिटिश व्हॅलेंटाइन. जपानी टाइप ९५ हा-गो दोन जोड्यांत चार चाकांचा, ठेंगणा. टाइप ९७ ची-हा सहा चाकांचा.

जर्मन रणगाडे बर्मात नव्हते, पण क्लिपमध्ये घुसवलेले सापडतात. पँझर ३ ला सहा चाकं आणि वर तीन रोलर, पँझर ४ ला आठ छोटी चाकं आणि चार रोलर. एकावर एक सरकवलेल्या ताटांसारखी मोठी चाकं असतील तर टायगर किंवा पँथर. पुढचा पत्रा उभा तो टायगर, तिरपा तो पँथर. सिनेमावाल्यांनी टी-३४ वर पत्रे ठोकून त्याचे टायगर केलेले आहेत. तिथं चाकंच चोरी पकडून देतात, पाचच्या पाच.

आता गंमत पाहा. इंफाळ-कोहिमाच्या लढाईत, म्हणजे १९४४ च्या मार्च ते जुलैमध्ये, आपल्या बाजूनं लढले ते ली आणि स्टुअर्ट. १३ एप्रिलला नुनशिगुमच्या डोंगरावर चढले ते थर्ड कॅराबिनिअर्स या ब्रिटिश तुकडीचे लीच. भारतीय तुकड्यांचे शर्मन गाजले ते १९४५ च्या सुरुवातीला बर्मातल्या मेइक्टिलाच्या धडकेत, प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्सच्या हाती. म्हणून 'इंफाळ १९४४' लिहिलेल्या फिल्ममध्ये पगडीवाला जवान शर्मनमधून डोकावत असेल तर फिल्मवरचं नाव तपासा. काकाजींच्या क्लिपच्या सहाव्या तुकड्यात ली होता आणि नवव्यात शर्मन. एकाच क्लिपमध्ये जवळजवळ वर्षभराचं अंतर असू शकतं.

अंगावरच्या खुणा

गाडी ओळखली की मग अक्षरांकडं या, आधी नाही. ब्रिटिश गाडीच्या नंबरापुढचं अक्षर प्रकार सांगतं : एल म्हणजे लॉरी, झेड छोटा ट्रक, टी रणगाडा किंवा पट्ट्याची गाडी, एफ चिलखती मोटार, सी मोटरसायकल, ए अँब्युलन्स. पांढरा पाच टोकांचा तारा दोस्त राष्ट्रांचा. त्याच्यावरून गाडी अमेरिकन फौजेचीच असं धरू नका. पिवळ्या गोलातला आकडा पुलासाठी असतो, गाडीचा वजनी वर्ग सांगणारा. आजची आपली फौजी गाडी पुलगावच्या रस्त्याला रोज दिसते. तिच्या नंबराच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि मग वर्षाचे दोन आकडे असतात. बाण मुळात ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

सगळ्यात गोड खुणा डिव्हिजनच्या, मडगार्डावर नाहीतर फाळक्यावर काढलेल्या. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा आगीचा गोळा, सातवीचा सोनेरी बाण, एकोणिसावीचा खंजीर, सतरावीची काळी मांजर. सतरावीची आधी विजेची खूण होती. १९४२ च्या बर्मातल्या माघारीनंतर मांजर आली. म्हणजे मांजर दिसली की तारीख त्यापुढचीच.

आपल्या लढायांच्या फिल्म

यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा बातमीपट लागायचा, तो ज्यांनी जमिनीवर बसून पाहिला आहे त्यांना या भागाची ओढ जास्त. पद्धत तीच. झोजिला, १ नोव्हेंबर १९४८ : सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट, तीच कॅव्हलरी जिनं चार वर्षांपूर्वी इंफाळ पाहिलं. लडाख, १९६२ : चुशूलला विमानानं उतरवलेले फ्रेंच एएमएक्स-१३, पाच चाकं आणि टरेट मागं सरकलेला. १९६५ चा खेमकरणचा पट्टा : पाकिस्तानचे पॅटन, समोरून कासवाच्या पाठीसारखे गोलसर, आणि आपले सेंच्युरियन, ज्यांची चाकं बाजूच्या पत्र्यांआड अर्धी लपलेली. हवालदार अब्दुल हमीदांनी असल उत्तरला पॅटन फोडले ते जीपवरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागं धक्का न देणाऱ्या, तोफेनं, हे लक्षात ठेवून त्या जीपची जाळीही मोजा. १९७१ चा पूर्व भाग : पाण्यावर तरंगणारा पीटी-७६, होडीसारखं नाक, सहा चाकं आणि वर एकही रोलर नाही. टी-५५ ला पाच चाकं, फट पहिल्या-दुसऱ्यात. टी-३४ ची फट दुसऱ्या-तिसऱ्यात, हे वर आलंच.

शक्तिमान ट्रक १९५९ पासूनचा, जोंगा ही फौजी जीप १९६५ नंतरचीच. '१९६२' लिहिलेल्या फिल्ममध्ये जोंगा दिसली की ती नंतरची फिल्म, किंवा सिनेमा.

रणगाडा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. आमच्याकडून रात्रभराचा प्रवास पडतो, पण व्हॅलेंटाइनची लहान-मोठी चाकं हातानं चाचपता येतात. जाताना वही न्या.

वहीत काय लिहायचं

तुकड्याचा नंबर, चाकं, स्टिअरिंग, जाळी, काच, खुणा, आणि शेवटी नाव. नावापुढं एकच शब्द : 'पक्कं', 'बहुतेक' किंवा 'फक्त प्रकार'. 'दहा टायरांचा अमेरिकन ट्रक' एवढंच लिहिलेलं चालतं.

काकाजींना मी चौदाही तुकडे वाचून दाखवले. जीप पक्की, जागा आणि वर्ष सरमिसळ, माणूस कोण ते गाडी सांगत नाही. ते उठून गेले. मला वाटलं, मामांसारखेच रुसले. अर्ध्या तासानं लोखंडी पेटीतला फोटो घेऊन आले, तळहाताएवढा, कोपरे कुरतडलेले. बाबा ट्रकला टेकून उभे. काकाजींनी स्वतःच बोट ठेवलं : "काच पाह्य, उलटी हाय नं?" वरची कड पुढं, खालची आत. तेरा नंबरची केबिन. मी भिंग घेतलं. बाबांच्या कोपराशेजारी, मडगार्डावर, फिकट चौकोनात काहीतरी काळं, शेपटी वर केलेलं.

"हे मांजर हाय?" काकाजी म्हणाले. "मी आतापावतर कुत्रं समजत होतो."

वहीत लिहिलं : फोटो १. कॅनडाचा ट्रक, केबिन १३, पक्कं. सतरावी डिव्हिजन, पक्कं. १९४२ च्या माघारीनंतरचा. ड्रायव्हर : काकाजींचे बाबा.